तळं खालीच असणार

७ ऑक्टोबर, सोमवार

साबण पावडरवाल्या कंपनीने जानेवारीत आमच्या हॉटेलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत सगळ्यांना डायऱ्या वाटल्या होत्या. माझी आजवर टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली होती. आज काढली. डोक्यात राग आहे आणि घरात ऐकायला कोणी नाही. हे ऐकतात, पण ऐकून झाल्यावर बोलतात, ते मला चालत नाही. शाळा चौथीत सुटली, त्यामुळे अक्षर असंच येणार. वाचणार कोण आहे? मीच.

झालं असं. जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझरबाईंनी मला ड्रायरच्या मागे घेतलं. म्हणाल्या, तुझ्या जोडीणीने टेबल बदलून मागितलंय.

मला हसूच आलं. जोडीण म्हणजे चादरीच्या टेबलावर समोर उभी राहते ती. हॉटेलच्या मोठ्या चादरीला दोन बायका लागतात. कोपरे धरायचे, झटका द्यायचा, ताणायचं, मग चालत येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. आम्ही दोघी पंधरा वर्षं समोरासमोर. झटका मी देते. तिने दिलेला झटका म्हणजे चादरीला फुंकर मारल्यासारखा.

आणि मागितलं काय, तर टॉवेल! टॉवेलला जोडीण लागत नाही. एकटीने तोंड बंद करून घड्या घालायच्या. तिथे नव्या पोरी बसतात, नाहीतर रिटायर व्हायला आलेल्या. स्वतःहून कोण जातं तिथे?

बाई म्हणाल्या, पिकनिकनंतर ठरवू, तोवर तू विचार कर, तिने का मागितलं असेल.

केला विचार. एक ट्रॉली भरेपर्यंत केला. काही सापडलं नाही. उलट तक्रार मी करायला हवी. ती सावकाश. दिवसभर तिचं एकच, हळू गं, जरा हळू. चादर काय काचेची आहे? वर खांद्याला बाम चोळून येते, त्या वासाने माझं डोकं दुखतं. मी कधी बोलले?

बोलले असेन. पण रागाने नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

उपाय सापडला. पिकनिक.

हॉटेलवाले वर्षातून एकदा बस देतात. यंदा नॅशनल पार्क. आत डोंगरात तळं आहे, तिथवर पायी जायचं आणि संध्याकाळी परत. हे तळ्याचं खूळ जोडीणीचंच. आमच्या टेबलाजवळ भिंतीवर त्या तळ्याचं चित्र आहे, कुठल्याशा जुन्या कॅलेंडरचं. तिनेच चिकटवलेलं. चादर ताणून धरली की ती माझ्याकडे न बघता त्या चित्राकडे बघते. एकदा म्हणाली होती, हे पाणी खरंच इतकं निळं असेल का गं? मी म्हटलं, छापताना शाई जास्त झाली असेल, तू कोपरा धर.

तर मीच तिला तळं दाखवणार. पुढे चालेन, वाट काढेन, सगळ्यांचं खाणं मीच घेईन. तिथे पोचल्यावर हात धरून म्हणेन, बघ. मग टॉवेलचं नाव काढते का बघू.

आजपासून लिफ्ट बंद. तळघरापासून वरपर्यंत जिन्याने. चालायची सवय हवी.

९ ऑक्टोबर, बुधवार

जिने धुवायला काढले होते. ओल्यावर पाय देणं बरं नाही. लिफ्टने गेले.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज जिन्याने गेले. पहिल्या मजल्यावर टेकले, तेवढ्यात प्रेसवर काम करणारी इस्त्रीवाली लिफ्टमधून उतरली. तोंडाळ बाई. म्हणाली, काय गं, कोणाची वाट बघतेस? मी म्हटलं, हो. मग खरंच थोडा वेळ वाट बघावी लागली. ती जाईपर्यंत.

श्वासाचा प्रश्न नाही. चपला घट्ट आहेत.

१४ ऑक्टोबर, सोमवार

खाण्याचं वाटप मी केलं. ब्रेड, अंडी, बटाटे उकडून, केळी. सगळ्यांनी सामान आणून द्यायचं, उकडणार मी, बांधणार मी, उचलणार मी. इस्त्रीवाली म्हणाली, आपापलं आपण आणू की. मी म्हटलं, मागच्या वर्षी तुझ्या डब्यातून तेल गळून बसच्या सीटला लागलं होतं, विसरलीस?

जोडीण म्हणाली, मी अर्धं उचलते. मी म्हटलं, तुझा खांदा आधी सांभाळ.

बघा. काळजी घेते की नाही मी?

ती खांदा चोळत राहिली. माणसाने चांगल्या शब्दाला निदान हं तरी म्हणावं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

ठरवलंय ते लिहून ठेवते. रविवारी तिच्यावर ओरडायचं नाही. तिला पुढे करायचं. तिचं म्हणणं ऐकायचं. अधूनमधून थांबायचं.

ह्यांना वाचून दाखवलं. हे कुलपं दुरुस्त करतात, त्यामुळे प्रत्येक गोष्टीकडे कान लावून बघायची सवय. म्हणाले, चार गोष्टी आहेत, तू एक कर. मी विचारलं, कुठली? म्हणाले, कुठलीही.

ह्यांची कामाची बॅग घेतली. जाड कापड, मोठा पट्टा. आतून थोडा ग्रीसचा वास येतो, पण अंड्यांना सालं आहेत.

२० ऑक्टोबर, रविवार. दुपार. तळ्याकाठी.

पोचले! सगळ्यांच्या आधी. डायरी बॅगेत होती म्हणून इथेच लिहिते, ताजं ताजं.

सकाळी गेटवर गार्ड काहीतरी सांगत होता, वाटा, वेळ, जनावरं. सगळ्या त्याच्याभोवती गोळा. एवढं ऐकत कोण उभं राहील? मी चालायला लागले. चढ होता. मी पुढेच होते. बराच वेळ पुढे होते. मग बुटाची नाडी सुटली (बूट ह्यांचे आहेत), ती बांधेपर्यंत बाकीच्या पुढे गेल्या. मग दुसऱ्या बुटाची.

पुढे वाट फुटली. एक वर, एक खाली. तिथे बोर्ड. मी अक्षर अक्षर जुळवून वाचते, त्यात बोर्डावर अख्खं पुस्तक लिहिलेलं. जोडीणीने वाचलं आणि म्हणाली, वरची वाट. मी म्हटलं, अगं, तळं म्हणजे पाणी. पाणी कधी वर चढतं का? आपण आयुष्यभर पाण्यात हात घालून बसलोय, आपल्याला कळायला नको? टाकीचं पाणी खाली, मशीनचं पाणी खाली, नाल्यातलं पाणी खाली. आणि तुझंच चित्र बघ ना, त्यात डोंगर वर आहे आणि तळं खाली!

इस्त्रीवाली पोट धरून हसली. म्हणाली, बाई गं, चित्र भिंतीवर लावलंय म्हणून तळं भिंतीवर असतं का?

तिथे मला जरा राग आला. म्हटलं, जा तुम्ही चढत. मी खाली जाऊन बसते, शेवटी झक मारत इकडेच याल. आणि निघाले. जोडीण दोन पावलं माझ्यामागे आली. म्हणाली, हळू गं, थांब, एकटी जाऊ नकोस. मी म्हटलं, तू तुझ्या बोर्डाबरोबर जा.

हे ओरडणं नव्हतं. मोठ्याने बोलणं होतं.

आणि बघा, कोण बरोबर निघालं! वीस मिनिटांत तळं. चित्रापेक्षा लहान आहे, पण चित्रात सगळंच मोठं दिसतं. चौकोनी आहे. काठ सिमेंटने नीट बांधून काढलाय. एका कोपऱ्यातून जाड पाइप आत सोडलाय, तो कशाला कळलं नाही. निळं नाही, हिरवट आहे. शाईबद्दल मी म्हटलंच होतं.

मागे ओळीने छोटी छोटी रोपं ठेवलीत. सोय चांगली आहे.

फोनला रेंज नाही. अजून कोणी आलं नाही. माझ्या वाटणीचं खाल्लं.

थोड्या वेळाने. अंडी उन्हात टिकत नाहीत. खराब अंडं खाऊन कोणी आजारी पडलं तर ठपका माझ्यावर येणार. म्हणून अंडी संपवली. सगळी नाही. पण बरीच.

आणखी थोड्या वेळाने. बटाट्यांचंही तेच. केळी काळी पडत होती.

जरा आडवी होते.

त्याच दिवशी, संध्याकाळी. घरी.

आता काय आणि कसं लिहू?

जाग आली ती कोणीतरी खांदा हलवल्यामुळे. जोडीण होती. चेहरा लाल, केसांत काटक्या, चप्पल हातात. मला बघून तिथेच खाली बसली आणि म्हणाली, आहेस ना? बरी आहेस ना?

मी म्हटलं, किती उशीर! बाकीच्या कुठायत? बघ, आलं की नाही तळं?

ती बघायला लागली. तळ्याकडे, मग पाइपकडे, मग रोपांकडे. तेवढ्यात झाडांमागून एक माळी आला आणि त्याने कसलासा खटका दाबला. मोटर सुरू झाली. पाइप फुरफुरला. आमच्या डोळ्यांसमोर माझं तळं खाली जायला लागलं. आधी एक पायरी दिसली, मग दुसरी, मग तळाशी एक फुटकी बादली.

माळी म्हणाला, बाई, जरा बाजूला सरा, रोपांना पाणी सोडायचंय.

जोडीण हसली नाही. हसली असती तर मी भांडले असते आणि सगळं ठीक झालं असतं. तिने फक्त बॅगेत डोकावून बघितलं. ब्रेड होता. नुसता. सालांचा ढीग माझ्या बाजूला. तिने ब्रेडचा एक तुकडा घेतला आणि उभ्याने खाल्ला. सकाळपासून तिच्या पोटात तेवढंच.

चालताना कळलं. त्या सगळ्या वर गेल्या. मी मागून येईन, माझ्याशिवाय जेवणही नाही, म्हणून बघत थांबल्या. मी येईना. तेव्हा ही एकटी परत फिरली. शेवटचा चढ राहिला होता. चढाच्या पलीकडे तळं. तिथूनच परत फिरली.

मी विचारलं, मग तू बघितलंसच नाही? म्हणाली, नाही. मी म्हटलं, आता जाऊन येऊ या की पटकन. म्हणाली, बस पाचला आहे.

वर चढताना मला दम लागला. तिने बॅग घेतली. दुखऱ्या खांद्यावर नाही, दुसऱ्या. मी म्हटलं, आपण सांगू, माझा पाय मुरगळला. ती म्हणाली, सांग.

गेटवर सगळ्या उभ्या. भुकेल्या बायका. मी लंगडत गेले. पाय, पाय, म्हटलं. इस्त्रीवालीने बॅग घेऊन उघडली आणि बघत राहिली. म्हणाली, अंडी? मी घोटा चोळायला लागले. बटाटे? मी आणखी जोरात चोळला. मग ती माझ्याकडे बघून जोडीणीला म्हणाली, शोधायला गेलीस की पंगत मांडायला? दोघींनी बसून चांगलं जेवून घेतलंत वाटतं.

सगळ्या जोडीणीकडे बघायला लागल्या.

मी बोलणारच होते. तोंड उघडलं होतं. पण ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

जोडीण बसमध्ये चढली. खिडकीशी बसली. तिच्या शेजारची जागा मोकळी होती. मी पुढे ड्रायव्हरच्या मागे बसले. पाय मुरगळला होता ना.

उद्या सकाळी पहिलं काम, सगळ्यांसमोर सांगणार.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सांगायला जमलं नाही. रविवारच्या चादरी येऊन पडल्या होत्या.

चहाच्या वेळी ठरवलं होतं. उठून उभीही राहिले. तेवढ्यात सुपरवायझरबाई म्हणाल्या, काल उजवा पाय म्हणाली होतीस, आज डाव्याने लंगडतेस? सगळ्या बघायला लागल्या. अशा वेळी खरं बोललं तरी खरं वाटत नाही. बसले.

दिवसभर चादरींच्या घड्या घातल्या. मी झटका दिला की जोडीण डोळे मिटून घेत होती. आज एकदाही हळू म्हणाली नाही. मला वाटलं, चला, सुधारली.

सुटायच्या आधी ती टॉवेलच्या टेबलाकडे जागा बघायला गेली, तिला कोणी जागा देईना. एक नवी पोर म्हणाली, मावशी, इथे खाणं लपवून ठेवावं लागेल का? खिदळल्या सगळ्या. मला ऐकू आलं. जोडीणीलाही ऐकू आलं.

माझा हात त्या वेळी अभ्र्यांच्या ट्रॉलीत होता.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

ह्यांना सगळं सांगितलं. निम्मं. ह्यांनी ते निम्मं कान लावून ऐकलं आणि म्हणाले, उरलेलंही सांग. सांगितलं. बराच वेळ एका कुलपात किल्ली फिरवत बसले. मग म्हणाले, तिच्यावर आळ येतोय आणि तू अजून पायाचा विचार करतेस?

मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय बायकांचं. आणि मोरीत जाऊन नळ सोडून बसले. पाणी खाली जात होतं. बघत बसले.

योजना. उद्या सगळ्यांसाठी अंडी उकडून नेणार. प्रत्येकीच्या हातात देऊन सांगणार, मी खाल्ली, ती उपाशी होती. अंडं हातात असलं की माणूस जास्त बोलत नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार

नेली. दोन मोठे डबे. चहाच्या वेळी टेबलावर ठेवले आणि डोळे मिटून एका दमात सांगितलं. टाकी, माळी, अंडी, बटाटे, केळी, पाय, सगळं. जोडीणीने काही खाल्लं नाही, एक ब्रेडचा तुकडा सोडून, हेही सांगितलं.

डोळे उघडले. कोणी चकित झालेलं नाही. इस्त्रीवाली अंडं सोलत होती. म्हणाली, माहीत आहे.

मी म्हटलं, काय माहीत आहे?

म्हणाली, अगं, गेटवर तुझ्या हनुवटीला बलक लागला होता. वाळलेला. बसमध्येसुद्धा होता. हिचं तोंड कोरडं, ओठ सुकलेले. आंधळ्यालाही दिसलं असतं.

मी म्हटलं, मग तिला का बोललात सगळ्या?

म्हणाली, तुला ऐकू जावं म्हणून. बघत होतो, कधी तोंड उघडतेस. आम्हाला वाटलं, बसमध्येच उघडशील. तीन दिवस लावलेस.

कोणी हसलं नाही. हसायला हवं होतं. सगळ्यांनी अंडी खाल्ली, मीठ मागितलं, मी मीठ विसरले होते.

जोडीणीसमोर डबा धरला. तिने एक अंडं घेतलं, खिशात ठेवलं. म्हणाली, नंतर खाईन. मी म्हटलं, माझं चुकलं गं. ती म्हणाली, हो.

एवढंच. पंधरा वर्षांत तिने माझ्या म्हणण्याला इतकं चटकन हो कधी म्हटलं नव्हतं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सुपरवायझरबाईंनी सांगितलं, ती आजपासून टॉवेलवर. मी म्हटलं, पण मी कबूल केलं ना? बाई म्हणाल्या, त्याचा याच्याशी संबंध नाही, तिने महिन्याभरापूर्वी मागितलंय. डॉक्टरची चिठ्ठी दिली आहे खांद्याची.

खांद्याची.

मी म्हटलं, मला कोण देणार समोर? बाई म्हणाल्या, मागितलं कोणी नाही. विचारलं सगळ्यांना. मग त्यांनी मेंटेनन्सवाल्याला बोलावलं आणि भिंतीत दोन हुक ठोकून घेतले. चादरीचे दोन कोपरे हुकात अडकवायचे, दोन मी धरायचे. जोडीणीने जाताना तळ्याचं चित्र काढून नेलं होतं. तिथेच ठोकले. भिंतीवर चित्राएवढा पांढरा चौकोन आहे, त्यात दोन हुक.

खरं तर हे बरंच झालं. हुक सावकाश नसतो. हुकाला बाम लागत नाही. उद्या नेहमीपेक्षा जास्त चादरी होणार, लिहून ठेवते.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी हुक निघाला. झटका दिला आणि भिंतीतून उपटून, स्क्रूसकट, चादरीबरोबर येऊन माझ्या पायाशी पडला. मागोमाग मूठभर प्लास्टर. सगळं तळघर थांबून बघायला लागलं.

सुपरवायझरबाईंना सांगितलं, भिंत कच्ची आहे. त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग टॉवेलच्या टेबलाकडे. मीही बघितलं. जोडीण मान खाली घालून घड्या घालत होती, सावकाश. समोर चित्र लावलेलं.

संध्याकाळी हुक घरी आणला. ह्यांना म्हटलं, याहून मोठे स्क्रू द्या. ह्यांनी स्क्रू हातात घेऊन बघितला, वाकला होता. म्हणाले, देतो, पण तू जरा हळू ओढत जा.

मी म्हटलं, हे मला पंधरा वर्षांत कोणी सांगितलं असतं तर.

मग आठवलं, ती सांगत होती. रोज. प्रत्येक चादरीला. मला वाटायचं, चादरीची काळजी करते.